माळकरी दाजींना घेऊन एडिनबराच्या पबात

आधीच सांगून टाकतो, पबचं नाव लिहिणार नाही. खाली एक तक्रार आहे आणि ती तशी छोटी नाही, पण दोन संध्याकाळच्या अनुभवावरनं कुणाच्या धंद्यावर शिक्का मारायला मला आवडत नाही. आणि नावाची तशी गरजपण नाही, एडिनबरात असले जुने पब गल्लोगल्ली आहेत, बाहेरनं काळं नाहीतर गडद हिरवं लाकूड, वर सोनेरी अक्षरं, काचांवर नक्षी. आपल्या बेळगावची पोरं आता तिकडं शिकायला जाऊ लागल्यात, मग डिग्रीच्या कार्यक्रमाला आईबाप जातात, आणि संध्याकाळी जेवायला कुठं जायचं म्हणून गोंधळतात. त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. मी उद्यमबागेतला फाउंड्रीवाला माणूस, लिहायची सवय चलनावर आणि बिलावर, तेव्हा सांभाळून घ्या.

तर २०२४ च्या नोव्हेंबरात माझ्या भाचीला एडिनबरात एमएस्सीची डिग्री मिळायची होती, म्हणून अक्का, दाजी आणि मी असे तिघं गेलो. दाजी येळ्ळूरचे. बासमती भाताची शेती, भात निघाला की मसूर. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पायी पंढरपूर, मांस-मच्छी-अंडं तर सोडाच, ज्या हॉटेलात ते शिजतं तिथं चहासुद्धा पीत नाहीत. आणि मी म्हणजे शनिवारी संध्याकाळी कॅम्पातल्या बारमध्ये 'बसणारा' मनुष्य. अक्काच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मी आणि दाजी बाहेर कुठं संध्याकाळी एका टेबलावर जेवायला बसलोय असं एकदाही झालं नव्हतं. भांडण वगैरे काही नाही हो, ते भजनाला जाणार, मी माझ्या जागी जाणार, आणि माझ्या जागी ते नुसती लिंबू सोडा प्यायला जरी आले आणि येळ्ळूरच्या कुणी बघितलं तर दुसऱ्या दिवशी गावात काय बोलतील ते मी सांगायला नको.

डिग्रीच्या दिवशी नेमकी आळंदीची एकादशी. कार्यक्रम मॅकएवन हॉलमध्ये, भला मोठा गोल घुमटाचा हॉल आहे, आणि भाचीला पाहुण्यांची तिकिटं मिळाली दोनच. म्हणजे अक्का आणि दाजी आत, मामा बाहेर थंडीत. बाहेर उभं राहून मोबाइलवर वाचत बसलो तर कळलं की हा हॉल विल्यम मॅकएवन नावाच्या माणसानं विद्यापीठाला बांधून दिलाय, १८९७ साली पुरा झाला, आणि हा मॅकएवन कोण, तर बिअर बनवणारा! एडिनबरातल्या फाउंटन ब्रुअरीचा मालक. म्हणजे आमचे माळकरी दाजी ऐन एकादशीच्या दिवशी बिअरच्या पैशातनं उभ्या राहिलेल्या छताखाली बसून टाळ्या वाजवत होते. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही, परत येताना विमानात सांगितलं.

थंडी अशी की कान गळून पडतील असं वाटत होतं. विद्यापीठाच्या आसपास फिरताना एका गल्लीत हा पब दिसला, आतनं पिवळा उजेड येत होता, आणि मला खरं सांगायचं तर बाथरूमला जायचं होतं. म्हणून शिरलो.

आता माझ्या डोक्यात बार म्हणजे काय, तर दाराला पडदा, आत अंधार, लाल नाहीतर निळा बल्ब, टीव्हीवर क्रिकेट आणि 'फॅमिली रूम वर आहे' असा बाण. इथं दार ढकललं तर समोर एक आजीबाई खिडकीत बसून सूप पीत पेपर वाचतायत, एक पोरगा लॅपटॉप उघडून बसलाय, त्याच्या टेबलाखाली हे एवढं मोठं कुत्रं घोरत पडलंय, आणि कोपऱ्यात दोन म्हातारे एकमेकांशी एक शब्द न बोलता आपापल्या ग्लासाकडं बघत बसलेत, पण रागावून नाही, आपल्याकडं देवळाच्या कट्ट्यावर बसतात तसे. सिगरेटचा वास अजिबात नाही. २००६ च्या मार्चपासून स्कॉटलंडमध्ये असल्या बंद जागेत सिगरेट ओढायला बंदी आहे, ओढणारे बिचारे बाहेर थंडीत कुडकुडत उभे.

बारच्या मागं भिंतभर लाकडी कपाट, त्याला ते गँट्री म्हणतात, कोरीव खांब, आरसे, आणि त्यात व्हिस्कीच्या बाटल्या अशा लावलेल्या की देवघरच. पण माझी नजर गेली टेबलाच्या पायांवर. कास्ट आयर्न! तीन पाय, प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला एका बाईचा चेहरा, डोक्यावर शिरस्त्राण. ब्रिटानिया टेबल म्हणतात त्याला, जुन्या पबांत सगळीकडं असतात. मी बिअर मागायच्या आधी खाली वाकून बघितलं, काय कास्टिंग आहे राव, नाकाची धार, केसांच्या बटा, सगळं उठून आलंय, एक ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, नाही, वाळूचा खरखरीतपणा नाही, फेटलिंग, म्हणजे ओतल्यावर कडा घासून साफ करायचं काम, ते तर हातानं कुरवाळल्यासारखं. आणि वजन असं की कुणी कितीपण झोकांड्या खाल्ल्या तरी टेबल पडणार नाही, त्याचसाठी बनवलेलं. मागच्या शतकात नाहीतर त्याच्या आधी कुणीतरी पॅटर्न मेकरनं, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्यानं, लाकडात तो चेहरा कोरला असेल. बारमधला पोरगा माझ्याकडं बघतच राहिला, त्याला वाटलं माझं काहीतरी खाली पडलंय. ह्या गोष्टीला माझ्याकडनं पाचपैकी सहा मार्क.

आता ऑर्डर कशी द्यायची ते सांगतो, कारण ह्यात आपली माणसं अडकतात. टेबलावर बसून 'ओ दादा' म्हणून हात करत बसलात तर संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही. उठून बारपाशी जायचं, तिथंच सांगायचं, तिथंच पैसे द्यायचे, ग्लास आपणच उचलून टेबलावर आणायचा. रांग दिसत नाही पण असते, कुणाच्या आधी कोण आलं ते बारवाल्याच्या डोक्यात पक्कं असतं, आणि पुढं घुसलात तर कुणी काही बोलत नाही, फक्त बघतात. ते बघणं लई वाईट असतं. जेवण मात्र टेबलावर आणून देतात, त्यासाठी टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा.

बिअर. पिंट म्हणजे ५६८ मिली, आपल्या साडेसहाशेच्या मोठ्या बाटलीपेक्षा थोडी कमी, आणि अर्धी पिंटपण मिळते, ती मागायला लाजायचं कारण नाही. मी मागितली 'एटी शिलिंग'. जुन्या काळी पिंपाच्या किमतीवरनं बिअरचे प्रकार ओळखायचे, सिक्स्टी, सेव्हंटी, एटी शिलिंग, जेवढे शिलिंग जास्त तेवढी बिअर दणकट, शिलिंग गेले पण नाव राहिलं, आपण अजून चार आणे-आठ आणे म्हणतो तसं. रंग काकवीसारखा, फेस कमी, आणि बर्फगार नाही! तळघरात पिंप ठेवतात, तिथल्या गारव्याची असते, बारा-तेरा डिग्री. आपल्या जिभेला पहिला घोट कोमट वाटतो, वाटतं फ्रीज बिघडलाय की काय. दुसऱ्या घोटाला भाजलेल्या धान्याचा वास येतो, मग जरा कळतं. मला आवडली? खरं सांगू, ठीक. मे महिन्यात बेळगावात ती बिअर कुणी मला दिली तर मी परत करीन. पण तिथल्या हवेत, बाहेर दुपारी चार वाजायच्या आत अंधार झालेला, पाऊस धड नाही आणि थांबत पण नाही, तिथं ती गार बिअर पिववलीच नसती.

आणि एक मजा, अशा पिंपातल्या बिअरचा गाळ खाली बसवायला पिढ्यान्‌पिढ्या माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासनं काढलेला चिकट पदार्थ वापरत आलेत. आता पुष्कळजण वापरत नाहीत, पण शुद्ध शाकाहारी असाल आणि बिअर पीत असाल (असे आपल्यात लई आहेत, मी नावं घेत नाही) तर विचारून घ्या.

बारपाशी एका म्हाताऱ्यानं विचारलं कुठनं आलास, मी म्हटलं बेळगाव, त्याला काय कळणार, मग म्हटलं आमचा किल्ला १८१८ ला तुमच्याच माणसानं घेतला, थॉमस मन्रोनं, ग्लासगोचा होता. म्हातारा म्हणाला, "ग्लासगोचा ना? मग तो आमचा नाही." एवढं बोलून परत ग्लासाकडं बघत बसला. एडिनबरा-ग्लासगोचं हे असंच आहे म्हणे, तळलेल्या मासा-बटाट्यावर एडिनबरावाले काळसर आंबट सॉस ओततात, ग्लासगोवाले नुसतं व्हिनेगर, आणि ह्यावरनं वाद घालतात. सीमाप्रश्न काय आपल्यालाच आहे असं नाही.

कार्यक्रम संपल्यावर फोटोबिटो झाले, अक्का थंडीनं काकडलेली, भाचीच म्हणाली, "मामा, कुठं तरी बसूया की." मी म्हटलं एक जागा बघून ठेवलीय. दाजींना काय सांगायचं हा प्रश्न होता. भाची म्हणाली, "बाबा, हॉटेल आहे ते, चहा मिळतो." दाजी दारात आले, बाटल्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पावणं, हे तर तुमचं देऊळ दिसतंय." मी गप्प. मग त्यांना खिडकीतल्या त्या आजीबाई दिसल्या (दुपारपासनं तिथंच होत्या!), कुत्रं दिसलं, आणि आत ऊब होती, बाहेर नव्हती. बसले.

चहा खरंच मिळाला, किटलीभर, दूध वेगळं. एकादशी असल्यामुळं बाकी काही चालणार नव्हतं, तर भाचीनं बारवरच्या पोराला सांगितलं की एक उपवासाचं माणूस आहे, फक्त कुस्करलेला बटाटा पाहिजे, दूध-लोणी-मीठ चालेल, बाकी काही नको. तिकडं बटाट्याला 'टॅटीज' म्हणतात. तळलेले चिप्स चालतील का म्हणून पण विचारलं, तर तो पोरगा आत जाऊन विचारून आला आणि सरळ सांगितलं, ज्या तेलात मासा तळतो त्यातच चिप्स तळतो, तुम्ही घेऊ नका. हा प्रामाणिकपणा मला आवडला. आपल्याकडं 'वेगळं तेल आहे सर' म्हणून मोकळे झाले असते. दाजींनी मोठी वाटीभर बटाटा लोण्यासकट खाल्ला आणि म्हणाले बटाटा जुना आहे, पण जात चांगली, पिठूळ. पैसे किती घेतले? दोन-तीन पौंड, साइड डिश म्हणून.

भाची आमची चोवीस वर्षांची, तिनं सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, मागितला तर ओळखपत्र मागितलं. तिकडं पंचविशीच्या आतला वाटला की वय तपासायचंच, कायदाच आहे. दाजींच्या समोर पोरीनं सायडर मागितला ह्यावर काय झालं ते विचारू नका, काहीच झालं नाही, दाजी खिडकीबाहेर बघत होते, बघत होते की बघायचं ठरवलं होतं ते पांडुरंगाला माहीत.

आता व्हिस्की, कारण पुष्कळ वाचणारे इथवर त्याचसाठी आलेत. पहिली गोष्ट, माप. आपला स्मॉल ३० आणि लार्ज ६०, तिथं एक माप २५ मिली नाहीतर ३५ मिली, पबनुसार, बोर्डावर लिहिलेलं असतं. २५ मिली म्हणजे ग्लासाचं बूड ओलं झालं एवढंच, मला वाटलं अजून ओतायचा आहे, मी वाट बघत उभा, तो पैसे मागत उभा. साध्या सिंगल माल्टला पाच-सहा पौंड, म्हणजे आपले सहाशे रुपयांच्या आसपास. गोव्यातनं चोर्ल्याच्या घाटानं बाटली घेऊन येणाऱ्या माणसाला हा हिशेब पचायला दोन दिवस लागतात. सोडा, थम्सअप, बर्फाचा डोंगर हे काही मागू नका, म्हणजे मागितलं तर देतील, पण एवढ्याशा व्हिस्कीत ते घातलं तर पैसे पाण्यात. छोट्या जगमध्ये साधं पाणी देतात, त्यातलं चमचाभर घालायचं. पिण्याचं पाणी मागितलं तर फुकट द्यायचं हा तिकडं नियम आहे, बाटली विकत घेऊ नका. जुने लोक अर्धी पिंट बिअर आणि बाजूला एक व्हिस्की असं घेतात, 'हाफ अँड अ हाफ' म्हणतात, आणि दोन्ही आलटून पालटून तासभर चालवतात. ते मला जमलं, आणि आवडलं.

धुराचा वास असलेली इस्ले बेटावरची लॅफ्रॉइग घेऊन बघितली. तिकडं पीट म्हणून असतो, दलदलीत हजारो वर्षं कुजून दाबलेलं गवत-शेवाळ, ते कापून, वाळवून गोवऱ्यांसारखं जाळतात आणि त्या धुरावर बार्ली सुकवतात. वास काय सांगू, सिव्हिल हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी चूल पेटवल्यासारखा. पहिल्या घोटाला पैसे गेले वाटलं, शेवटच्या घोटाला वाटलं अजून एक घ्यावी. घेतली नाही, सहाशे रुपये आठवले.

गँट्रीवर बघतोय तर एका बाटलीवर 'अमृत'! आपल्या बेंगळुरूची सिंगल माल्ट, २००४ मध्ये पहिल्यांदा विकायला काढली ती ग्लासगोत, म्हणजे गूळ विकायला कोल्हापुरात जायची हिंमत. मी जोरात म्हटलं, "दाजी, अमृत!" दाजींनी चष्मा लावून बघितलं, "अमृत म्हणजे?" आता ह्याचं उत्तर माळकरी माणसाला एकादशीला काय द्यायचं. भाची म्हणाली, "बाबा, नाव आहे नुसतं."

एक मोठी उणीव, चखणा नाही. शेंगदाणा मसाला नाही, काकडी-कांदा नाही, भजी नाही, काही नाही. पाकिटातले वेफर्स आणि खारे दाणे, तेपण विकत. पोर्क स्क्रॅचिंग म्हणून एक पाकीट असतं, डुकराची कातडी तळलेली, ते चुकून दाणे समजून उचलू नका. नुसतं पाणी पिऊन उठावं तसं ते लोक पिऊन उठतात, ह्या बाबतीत बेळगावचा साधा बारपण त्यांच्या पुढं आहे.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पारणं सकाळीच भाचीच्या हातच्या वरणभातावर झालं होतं. संध्याकाळी मी काही बोललो नव्हतो, दाजीच म्हणाले, "काय पावणं, आज तुमच्या देवळात नाही जायचं?" मी अक्काकडं बघितलं, अक्का शाल गुंडाळून आधीच तयार.

आणि इथं जेवणाची गोष्ट येते. स्कॉटलंडला गेलं की हॅगिस खायचंच. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करून त्यात ओट्स, कांदा, चरबी, मिरपूड आणि मसाला घालून मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवतात, आता पुष्कळदा साधं आवरण असतं. लोकांना ऐकून कसंतरी होतं, पण आपण बेळगाव-कोल्हापूरकडची माणसं, वजडी, मुंडी, रक्ती खाणारी, आपल्याला त्यात काय नवल. उलट मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, की आपल्याकडं वजडी म्हणजे मागच्या दारानं आणायची, पाहुणे आले की चिकन करायचं, आणि ह्या लोकांनी त्याच वस्तूला मेन्यूत पहिल्या नंबरवर बसवलंय, त्यांचा मोठा कवी रॉबर्ट बर्न्स त्यानं हॅगिसवर कविता केलीय आणि दर २५ जानेवारीला त्याच्या वाढदिवसाला ती म्हणून मग सुरी घालतात. सोबत दोन ढीग, पांढरा बटाटा आणि केशरी 'नीप्स'. नीप्स म्हणजे सलगम आणि नवलकोल ह्यांच्या मधलं एक कंद, उकडून लोण्यात कुस्करलेलं, गोडसर.

शाकाहारी हॅगिसपण असतं, आणि ही काही कालची फॅशन नाही, मॅकस्वीन म्हणून एडिनबराचीच कंपनी, तिनं १९८४ पासनं बनवायला घेतलं, ओट्स, मसूर, राजमा, गाजर असलं घालून. मसूर ऐकल्यावर दाजींचे कान टवकारले. मग एक साधं, एक शाकाहारी अशी ऑर्डर दिली, अक्कानं सूप सांगितलं. आणि एक लक्षात ठेवा, हॅगिसवर बऱ्याच ठिकाणी व्हिस्की घातलेला सायीचा सॉस ओततात, तो नको म्हणून आधीच सांगायचं, भाचीनं सांगितलं होतं.

आता तक्रार. पन्नास मिनिटं लागली. पन्नास! पब काही भरलेला नव्हता. आणि नंतर एक नवीन पोरगा दोन प्लेटा घेऊन आला, ठेवल्या आणि गेला. दोन्ही प्लेटा हुबेहूब एकसारख्या. काळपट तपकिरी गोळा, पांढरा ढीग, केशरी ढीग. वर झेंडी नाही, काडी नाही, काही खूण नाही. दाजींनी काटा उचलला, परत ठेवला. "पावणं, ह्यातलं माझं कुठलं?" पोराला परत बोलावलं, त्यानं एकीकडं बोट दाखवलं, मग दुसरीकडं दाखवलं, म्हणजे त्यालाच माहीत नव्हतं. दाजींनी एका हातानं माळ धरली आणि मला म्हणाले, "आता तुमच्या जिभेवर माझा नेम आहे बघा."

मी आधी वास घेतला. रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहण्यात आयुष्य गेलंय माझं, काळजाचा वास मला झोपेतपण ओळखता येतो. त्या पोरानं शेवटी ज्या प्लेटवर बोट ठेवलं होतं 'ही शाकाहारी' म्हणून, तिच्यातनंच वास येत होता. एक घास खाल्ला, काळीज, फोपसा, मिरपूड, शंकाच नाही. म्हणजे मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? भाची उठून बारपाशी गेली, आवाज न चढवता काय काय बोलली ते मला सगळं कळलं नाही, पण तिथली मोठी बाई स्वतः आली, दाजींपाशी गुडघ्यावर बसून माफी मागितली, दोन्ही प्लेटा उचलल्या, कारण एकाच चमच्यानं वाढलं असेल तर ती दुसरीपण नको असं भाचीनं सांगितलं होतं. नवीन प्लेट स्वतः घेऊन आली, वर कोथिंबिरीसारखं काहीतरी हिरवं खोचून, आणि दाजींच्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत. माफी चांगली मागितली हे खरं, पण चूक ती चूक, आणि ह्याचे मी मार्क कापणार. ज्यांच्या घरी कडक शाकाहार आहे त्यांनी एकाच टेबलावर दोन्ही प्रकारचं हॅगिस मागवूच नये, सगळ्यांनी शाकाहारी खावं नाहीतर वेगवेगळं मागवावं.

चव? माझं हॅगिस मस्त. खिम्यापेक्षा जाडसर, ओट्समुळं दाणेदार, मिरपूड सणसणीत, तिखट म्हणजे आपलं तिखट नाही पण घशाशी ऊब येते. भाकरी पाहिजे होती, मनापासनं सांगतो, ज्वारीची गरम भाकरी आणि वर फोडलेला कांदा असता तर मी अजून एक प्लेट मागवली असती. दाजींचं मी चाखलं नाही, पण त्यांनी प्लेट पुसून खाल्ली. म्हणाले मसूर ठीक आहे, आपल्या मसुराला जी चव आहे ती नाही, पण त्या केशरी कंदाचं त्यांना भारी कौतुक वाटलं, चार वेळा विचारलं हे जमिनीखाली येतं की वर. अक्कानं कलन स्किंक घेतलं होतं, धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा आणि दूध ह्यांचं सूप. मासा आणि दूध एकत्र म्हणून अक्का आधी नाक मुरडत होती, आयुर्वेदात चालत नाही म्हणे, नंतर वाटी तिरकी करून पित होती. सोबत ब्रेड आणि लोणी. शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग, खजुराचा मऊ केक आणि वर गरम गोड सॉस, ते चौघांत दोन. त्यात अंडं असतं म्हणून दाजींनी घेतलं नाही, त्यांनी पिशवीतनं कुंद्याचा डबा काढला, पबच्या टेबलावर! मला वाटलं आता बोलतील, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून. ती मोठी बाई आली, बघितलं, दाजींनी चमचाभर तिला दिला. ती म्हणाली दुधाचं आहे ना, आमच्याकडं पण साखर-लोणी-दुधाची टॅब्लेट म्हणून वडी असते, अशीच लागते. नंतर ती वडी आम्ही विकत घेऊन खाल्ली, खरंच दाणेदार कुंद्याच्या चुलत भावासारखी लागते, फक्त साखर दुप्पट.

बिल चौघांचं, दाजींचं जेवण वगळून, सत्तर पौंडांच्या आतबाहेर. बारवर टिप द्यावी लागत नाही, टेबलावर जेवलात तर दहा टक्के ठेवतात, आम्ही त्या दिवशी ठेवली नाही, नंतर दाजी म्हणाले ठेवायला पाहिजे होती.

त्या दिवशी आम्ही तीन तास बसलो. दाजींनी आयर्न ब्रू प्यायलं, केशरी रंगाचं सोडा पेय, १९०१ पासनं तिकडं चालतं, चव लहानपणीच्या गोळ्यांसारखी. मी माझं हाफ अँड अ हाफ. दाजींनी मला विचारलं किती दिवस झाले पितोस, म्हणजे 'पिता' म्हणाले, आणि मी खरं सांगितलं. मग भाताच्या भावावर गेलो, मग अक्काच्या लग्नात आमच्या बापाने घेतलेल्या कर्जावर, जे मला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी भाचीनं दोन पब नुसते बघायला नेले. कॅफे रॉयल, १८६३ चं, भिंतीवर मोठमोठ्या टाइलांची चित्रं, जेम्स वॅट, फॅरेडे, स्टीफन्सन, म्हणजे बारमध्ये शास्त्रज्ञ! मी वॅटच्या खाली उभा राहून फोटो काढला, फाउंड्रीवाल्यानं नाही काढायचा तर कुणी. आणि लॉनमार्केटला डीकन ब्रॉडीचा पब, हा ब्रॉडी दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि रात्री घरफोड्या, १७८८ ला फाशी दिला. दाजी म्हणाले चोराच्या नावानं पाटी लावली, आपल्याकडं पोलिसांनी दुकान बंद केलं असतं. आणि असं नका समजू की हे लोक कायम मोकळे होते, १८५३ च्या कायद्यानं रविवारी पब बंद झाले, प्यायची असली तर हॉटेलात 'मी खरोखरचा प्रवासी आहे' म्हणून वहीत नाव लिहायचं, १९७६ चा कायदा आल्यावर कुठं पब रविवारी उघडले. महाराष्ट्रात तब्येतीसाठी लागते म्हणून परमिट काढायचे त्यातलाच प्रकार.

तर जेवायला जायचं असलं तर सात वाजायच्या आत जा, किचन लवकर बंद होतं, दारू नंतरपण मिळते. गाडी घेऊन जाऊ नका, तिकडं दारू पिऊन चालवायची मर्यादा इंग्लंडपेक्षापण कडक आहे. बाथरूम खाली तळघरात, जिना उभा, गुडघे दुखणाऱ्यांनी जपून. माझ्याकडनं जागेला पाच, टेबलांना सहा, व्हिस्कीला चार, चखण्याला शून्य, जेवणाला चार, आणि त्या दोन प्लेटांच्या गोंधळामुळं सेवेला अडीच.

परवा येळ्ळूरला गेलो होतो. दाजी मळ्यात होते, मला बघून म्हणाले, "पावणं, पोरीला फोन केला तर तेवढं त्या केशरी कंदाचं नाव लिहून घ्या की." मग बाजूला गडी उभा होता त्याच्याकडं बघून आवाज जरा खाली आणला, "त्या आपल्या हॉटेलातलं."